बाईंच्या फ्रीजची किल्ली

आमच्या इमारतीत कुणाकडे हळदीकुंकू असलं की घरातली बाई आधी स्वयंपाकाच्या हळदीचा डबा माळ्यावर टाकायची आणि मग रांगोळी काढायला बसायची. कारण दुसऱ्या मजल्यावरच्या बाई येणार असायच्या. बाईंच्या पर्समध्ये रुमाल, चष्म्याचं घर आणि बसची जुनी तिकिटं यांच्या जोडीला दोन छोट्या बाटल्या असत. एकीत आयोडीन, दुसरीत ॲसिड. दुधात पीठ आहे का हे आयोडीन सांगायचं, हळदीत रंग मिसळलाय का हे ॲसिड सांगायचं. आणि या दोघांना जे सांगता यायचं नाही ते बाई स्वतः सांगायच्या. मोठ्यानं, चारचौघींत, हातात वाण घेऊन.

"तुमच्या दुधात पीठ आहे हो. आता ते दूधवाला घालतो की तुम्ही, हे मला माहीत नाही. आयोडीनला तेवढं कळत नाही."

यजमानीण हसायची. दुसरं काय करणार? पुढच्या वर्षी बाईंना बोलवायचं नाही असं ठरायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं जायचं. न बोलावलेल्या बाई जास्त धोक्याच्या, असा आमच्या जिन्याचा अनुभव होता.

बाई आमच्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे फळ्याकडे तोंड करून फळ्याला सांगायच्या. मध्येच वळून प्रश्न विचारायच्या, उत्तर स्वतःच द्यायच्या आणि ते आपण दिलं नाही म्हणून आपल्याला झापायच्या. पदराला ॲसिडची बारीक भोकं, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, पायांत पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नमुने पाहिले. नापास झाले."

त्यांना कुणाचंही नाव लक्षात राहत नसे, म्हणजे ठेवायची गरजच वाटत नसे. वर्गात जो जिथे बसेल ते त्याचं नाव. मी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचे, म्हणून मी 'तिसरा बाक'. शाळा सुटल्यावरही, भाजीवाल्याकडेही, जिन्यातही. "काय गं तिसरा बाक, पाण्याची मोटर लागली का?" माझ्या आईचं नाव ओघानंच 'तिसऱ्या बाकाची आई' झालं. आईला त्याचा फार राग. ती म्हणायची, "मेली, पोरांक फर्निचर समाजता."

आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहायचो. माझे बाबा गिरणीत होते. संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी संपली आणि ते एलबीएस रोडवरच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. बाबा चौथी, आई सही. मी नववीत होते आणि चांगली होते, हे मी सांगते, कारण दुसरं कुणी सांगायचं नाही. नववीच्या पावसाळ्यात मी घागरभर पाणी प्यायला लागले, वाळून काडी झाले आणि एक दिवस वर्गातच पडले. पालिकेच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, डायबेटिस. रोज इंजेक्शन. जन्मभर.

"तो म्हाताऱ्यांचा रोग," आई म्हणाली. "ही तर चेडू."

डॉक्टरांनी खांदे उडवले. बाबा बाहेर आल्यावर, बसस्टॉपवर, म्हणाले, "परत अशी इस्पितळात आणूची लागली, तर शाळा बंद. गावाक काकाकडे धाडतलंय. थंय तरी हवा बरी आसा."

गावाला हवा होती. इन्सुलिन नव्हतं. औषधाचं दुकान गाठायला दोन एस.ट्या बदलाव्या लागत. पण बाबांच्या लेखी मुंबईनं त्यांची गिरणी खाल्ली होती, आता पोर खात होती. त्या दिवसापासून मला एवढंच कळत होतं की काही झालं तरी पुन्हा पडायचं नाही. दहावीची परीक्षा द्यायची आणि नंतर कॉलेज. घाटकोपर स्टेशनपलीकडच्या कॉलेजच्या गेटातून मुली हातात फाइल धरून बाहेर पडताना मी पाहिल्या होत्या. मला ती फाइल हवी होती.

आता अडचण अशी, की इन्सुलिन थंड ठेवावं लागतं आणि आमच्या अख्ख्या जिन्यात फ्रीज एकच होता. बाईंचा. पांढरा, बुटका, वर भरतकामाचा रुमाल, आणि दाराला कुलूप. त्या काळी फ्रीजला किल्ली यायची, पण ती खरोखर वापरणारी बाई मी एकच पाहिली. किल्ली त्यांच्या कमरेला, निऱ्यांत खोचलेली.

आई मला घेऊन वर गेली. कुणाला सांगू नका, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, असं सगळं दाराबाहेरच कुजबुजून झालं. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग आईनं विचारू नये ते विचारलं.

"बाईनू, ह्या औषध कशापासून करतत?"

दुसरी कुणीही असती तर म्हणाली असती, कारखान्यात करतात. बाई म्हणाल्या, "गायीच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडापासून."

आई तिथेच जिन्यात बसली. मग पदरानं तोंड पुसून, बाजारात मासे निवडतानाचा सूर लावून म्हणाली, "मग डुकराचा बघून द्या. गायीचा नको."

बाईंना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हसणं म्हणजे नाकातून हवा सोडणं. त्यांनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "ठेवते. पण माझ्या फ्रीजचा नियम आहे. इथे अज्ञात पदार्थ राहत नाही. रोज सकाळी ही मुलगी नमुना घेऊन येईल, इथे तपासेल, मग किल्ली मिळेल."

नमुना म्हणजे लघवी. त्या काळी साखर बघायची ती अशी. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर छान. हिरवं झालं तर जरा सांभाळा. पिवळं, नारिंगी म्हणजे वाईट. विटकरी म्हणजे वाट लागली. कुठल्या रंगाला किती इंजेक्शन, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. काचेची सिरिंज आई भांड्यात उकळायची. सुई तीच तीच, बोथट झालेली. जिन्यात सांगितलं गेलं, की मी बाईंकडे ट्यूशनला जाते. पितळी तांब्यावर रुमाल टाकून ट्यूशनला जाणारी मी पंतनगरातली एकमेव मुलगी.

बाई दयाळू नव्हत्या. हे स्वच्छ सांगते, कारण आता शाळेच्या कार्यक्रमांत त्यांच्याविषयी 'मायेची सावली' वगैरे बोललं जातं. सावली कसली? दुपारच्या बाराचं ऊन. पहिल्याच आठवड्यात विटकरी रंग आला आणि मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "रडू नकोस. तुझ्या अश्रूंतही साखर असणार, मुंग्या येतील." वर्गात पडले म्हणून मला 'बिच्चारी' म्हणणाऱ्या मुलींचं मी वर्गात काय करायचे ते मुलींनाच विचारा, एकीच्या डब्यात मी शाई ओतली होती. बाईंनी कधी बिच्चारी म्हटलं नाही. त्याचा मला जास्त राग यायचा.

शिवाय त्यांच्या बोलण्यात एक 'तुमच्यात' असायचं. "तुमच्यात भात फार." "तुमच्यात मुलींना लवकर उजवतात ना?" "तुमच्यात मासळीशिवाय घास उतरत नाही." हे 'तुमच्यात' त्या चिमट्यात धरून बोलायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, तुमच्यात मुलींना उजवतच नाहीत का?" नाकातून हवा सुटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी वाचून आणलं, की भातापेक्षा मासे मला बरे. ते सांगताना त्यांच्या तोंडावर जे आलं होतं ते मी आजवर जपून ठेवलंय. दाराशी येऊन, हळू आवाजात, "तिसऱ्या बाकाच्या आईला सांग, बांगडा चालेल." आईनं त्या दिवशी मुद्दाम खिडकी उघडी ठेवून बांगडे तळले.

मी मात्र लबाडी करत होते. बाबा ड्युटीवरून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "आज रंग काय?" आणि मी म्हणायचे, निळा. शाळेबाहेर बोरकूट मिळायचं, चिंचेच्या गोळ्या, बर्फाचा गोळा. सगळ्या मुली खायच्या. मी का नको? मी पण खायचे, दोन घास जास्तच, रागानं. मग सकाळी विटकरी. विटकरी दिसला आणि बाईंनी तो बाबांना सांगितला तर गाव. तेव्हा मी सोपा मार्ग काढला. तांब्यात नळाचं पाणी नेलं.

बाईंनी नळी दिव्यावर धरली. निळं, स्वच्छ, आभाळासारखं. त्यांनी नळी खाली ठेवली, तांब्या उचलला, वास घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तिसरा बाक, तू नळ आहेस का?"

पुढच्या खेपेला मी हुशारी केली. पाण्यात चहाचा थेंब, चिमूटभर मीठ. बाईंनी वास घेतला. "चहा. रेशनचा. आई साखर घालायच्या आधी ओतलास, तेवढी अक्कल आहे." मग तांब्या माझ्या हातात देऊन मला खाली पाठवलं, खरं आणायला. खरं विटकरी होतं.

"बाबांना सांगणार?" मी विचारलं.

"मी आपणहून कुणाला काही सांगायला जात नाही."

हे हळदीकुंकवाला जाणाऱ्या बाईनं म्हणावं! मी पाहत राहिले. बाईंनाही ते कळलं असावं. घसा खाकरून म्हणाल्या, "पदार्थाबद्दल सांगते. माणसाबद्दल नाही. पण वडलांनी येऊन विचारलं तर खरं सांगेन. मला खोटं बोलता येत नाही. तोंडाला वळणच नाही."

तेव्हापासून मी खरं न्यायला लागले, पण बोरकूट सुटलं नव्हतं. रंग कधी हिरवा, कधी नारिंगी, बहुतेक विटकरी. बाई सकाळी मला झापायच्या आणि मग, मी इंजेक्शन घेऊन, बिस्किट खाऊन शाळेसाठी तयार होईपर्यंत गणित घ्यायच्या. ट्यूशन खोटी होती ती हळूहळू खरी झाली. गणितात त्या रसायनापेक्षा बऱ्या होत्या, कारण गणितात तपासायला दुसऱ्याच्या घरचं दूध लागत नाही.

असं करत दहावीचा जानेवारी आला. आमच्या इमारतीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असायचा. सकाळी झेंडा, मग पूजा, मग प्रसाद, संध्याकाळी मुलांची गाणी. सोसायटीचे सेक्रेटरी बँकेत होते आणि बँकेत असल्याचं विसरू देत नसत. त्या वर्षी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'शिरा साजूक तुपातला'. लिहायला नको होतं. बाईंनी तो फळा वाचला.

घरी आई म्हणाली, "आज पूजेपर्यंत काय खायचा नाय. प्रसादानंच उपास सोडायचो." इंजेक्शन मी सकाळीच घेतलं होतं. इंजेक्शन घ्यायचं आणि खायचं नाही, याचं काय होतं ते मला माहीत होतं. पण पूजा अकराला उरकणार होती, तोवर निभेल असं वाटलं. आणि दहावीचं वर्ष, म्हटलं देवाशी वाकडं नको.

पूजा अकराला उरकली असती. भटजी वेळेवर आले होते, कथा वेगात चालली होती. शिरा तयार होता, टोपावर केळीचं पान होतं, नैवेद्य दाखवायचा तेवढा बाकी. तेवढ्यात मंडपाच्या मागे, जिथे शिरा केला तिथे, बाई तुपाच्या डब्यासमोर उकिडव्या बसलेल्या दिसल्या. त्यांनी डब्याच्या तळचं तूप नळीत घेतलं, ॲसिड ओतलं, चिमूटभर साखर टाकली, अंगठ्यानं नळीचं तोंड दाबून घुसळलं आणि नळी उन्हात धरली. गुलाबी. झकास गुलाबी, लग्नातल्या फेट्यासारखी.

"सेक्रेटरी," बाईंनी हाक मारली. "हे वनस्पती तूप आहे."

कथा थांबली. सेक्रेटरी पिवळं सोवळं सावरत आले. "बाई, देवाच्या प्रसादाला ॲसिड लावता?"

"देवाला नाही लावलं. तुम्हाला लावलं."

झालं. वर्गणी देणारे उठले, न देणारे त्याहून मोठ्यानं बोलायला लागले. कुणी म्हणालं प्रसाद फेकून द्या, कुणी म्हणालं देवाला काय कळतंय, कुणी म्हणालं देवाला नाही तर काय बाईंना कळतं? भटजी आसनावर बसून पंचांगानं वारा घेत होते, त्यांना पुढे भांडुपला पूजा होती. बाई मध्यभागी, गुलाबी नळी मशालीसारखी धरून. अकरा कधीच वाजून गेले होते. बारा वाजून गेले.

आणि मी बायकांत बसले होते. आधी हात थरथरायला लागले. मग घाम. त्यानंतरचं मला आठवत नाही, पण इतक्या जणींनी इतक्या वेळा सांगितलंय, की पाहिल्यासारखं सांगू शकते. मी केस मोकळे सोडले म्हणे. उभी राहिले. सेक्रेटरींकडे बोट करून म्हणाले, "तूप खाल्लंस! तूप खाल्लंस!" आणि हसले.

मग पहिल्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अंगात आलं! देवी आली गं, देवी!"

कुणीतरी माझ्या कपाळावर मूठभर कुंकू फासलं. कुणी पाया पडलं. सेक्रेटरींच्या बायकोनं, जी माझ्या आईशी नळावर कधी धड बोलली नव्हती, तिनं हात जोडून विचारलं, "आई, ह्यांचं प्रमोशन कधी होईल गं?" मी म्हणे तिला फटका मारला. तिनं तो कौल समजून डोळ्यांना लावला.

आणि माझी आई? तिला माहीत होतं काय झालंय ते. इस्पितळात तिनं कानांनी ऐकलं होतं: हात थरथरले, घाम आला की तोंडात साखर घाला. पण भोवती सगळी इमारत जमली होती. पोरीच्या अंगात देवी येते म्हटलं तर कुणी मागणी घालायचं थांबत नाही. उलट मान वाढतो. डायबेटिस म्हटलं तर संपलं. आईनं एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाली, "होय गो. आमच्या घराण्यात येता."

हे मी आईला आजही सोडत नाही. ती म्हणते, मी साखर आणायला निघालेच होते. असेल.

"बाजूला व्हा!" बाई गर्दीत घुसल्या. कॅनव्हासचे बूट, हातात अजून ती नळी. "देवी नाही, काही नाही. साखर उतरलीय तिची! साखर द्या कुणीतरी!"

साखर कुणाच्या हातात असणार? जवळ एकच गोड पदार्थ होता. बाईंनी शिऱ्याच्या टोपावरचं पान उचलून फेकलं, आत हात घातला आणि तो शिरा, ज्याची त्यांनी तासभर अब्रू काढली होती, मुठीनं माझ्या तोंडात कोंबला.

"खा! वनस्पती तर वनस्पती! खा म्हणते ना, तिसरा बाक!"

"अहो बाई, नैवेद्य व्हायचाय!" भटजी आसनावरून ओरडले.

"होतोय!" बाई म्हणाल्या आणि दुसरी मूठ भरली.

मी भानावर आले तेव्हा माझ्या तोंडात बेदाणा होता, नाकात वेलची होती आणि बाईंची मान माझ्या खांद्यावरून वळून बायकांकडे होती. "हिला डायबेटिस आहे. रोज इंजेक्शन घेते. आज उपाशी ठेवली म्हणून झालं. आणि माझ्यामुळे उशीर झाला म्हणून." शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या. बाईंनी आपली चूक म्हटलेली मी ऐकली ती तेवढी एकदा, तीही तोंडात शिरा असताना.

आईनं मला उचललं. जाता जाता बाईंना म्हणाली, "माझ्या चेडवाचा लगीन मोडलात तुम्ही." हाताला लागलेला शिरा पुसायला बाईंना कुणी फडकंही दिलं नाही.

बाबा दुपारी ड्युटीवरून आले तेव्हा गेटपासून दारापर्यंत त्यांना पाच जणांनी गोष्ट सांगितली होती, पाच वेगवेगळ्या. त्यांनी चप्पलही काढली नाही. सरळ जिना चढले. मी मागून गेले आणि बाईंच्या दाराबाहेर उभी राहिले. परीक्षा तोंडावर आली होती. मला फक्त काकाचं घर दिसत होतं, पडवी, आणि पडवीत मी.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. बाबा उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शिकलेल्या माणसाच्या घरात ते कधी बसत नसत.

"बाईनू," बाबा म्हणाले, "मी अडाणी माणूस. माका रंगातला काय कळत नाय. पोर सांगता, रोज निळा. पोर खोटा सांगात, मी बाप आसय, माका समाजता. पण तुम्ही आज देवाच्या म्होरे खोटा बोललात नाय. आख्ख्या सोसायटीक वायट झालात, पण बोललात नाय. म्हणून तुमका इचारतंय. महिनाभर रंग काय येता? लाल की निळो?"

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पदराला भोकं होती, त्यामुळे तो नेहमी नुसताच इकडचा डाग तिकडे व्हायचा. त्यांनी दाराकडे पाहिलं. मी दिसले असणार. त्या सकाळचा रंग विटकरी होता. आदल्या सकाळचाही.

"निळा," बाई म्हणाल्या.

बाबांनी हात जोडले, "मग ऱ्हवांदे शाळा," म्हणाले आणि माझ्या अंगावरून खाली निघून गेले.

मी आत गेले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. बाई फ्रीजकडे बघत बसल्या होत्या. "माणसं हे रोज कसं करतात?" मग कमरेची किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर टाकली, जवळजवळ फेकलीच. "तुझी तू काढत जा बाटली. मी बघणार नाही. पण मी निळं म्हटलंय. आता ते निळं करून दाखव. मला असं खोटं ठेवू नकोस."

लोकांना वाटतं, माया लावली की पोरं सुधारतात. मी सुधारले ते चिडून. सगळ्या जगाला दुधाचं पीठ दाखवणारी ही बाई माझ्यामुळे खोटी ठरलीय, आणि मी बोरकुटाची पुडी सोडली नाही तर ती जन्मभर खोटी राहणार, हे मला सहनच होईना. शाळेबाहेरच्या गाडीवरून जाताना मी तोंड फिरवायला लागले. रंग एका दिवसात बदलला नाही. नारिंगी झाला, पिवळा झाला, पुन्हा विटकरी झाला. बाई खरंच बघत नव्हत्या, पाठ करून बसायच्या, पण स्पिरिटचा दिवा विझला की मान आपोआप वळायची. मी म्हणायचे, "हिरवा." त्या भिंतीला म्हणायच्या, "हं."

परीक्षेच्या आदल्या सकाळी निळा आला. खरा. मी नळी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. बाईंनी तांब्या उचलला, वास घेतला, खात्री करून घेतली. "ठीक आहे," म्हणाल्या. "आता निदान मला झोप लागेल. समीकरणं बघितलीस का?"

मी दहावी पास झाले, कॉलेजात गेले, फाइल धरून गेटाबाहेर पडले. बी.एस्सी. झाले. आमच्या सातही पिढ्यांत पहिली. सेकंड क्लास. तो घेऊन बाईंकडे गेले, तर म्हणाल्या, "फर्स्ट का नाही?" मी म्हटलं, "बाई, तुमच्यात फर्स्ट येतात. आमच्यात पहिले येतात." नाकातून हवा सुटली, आणि त्यांनी मला प्रथमच त्यांच्या घरी चहा दिला. बिनसाखरेचा. दूध तपासलेलं.

लग्नाचं विचाराल तर आईचं भाकीत खरं ठरलं नाही. पण ते इथे सांगायचं कारण नाही.

मला औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. पहिल्या वर्षातच घरी फ्रीज घेतला. आईनं दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "किल्ली आसा ना?" त्याच सुमारास बाई निवृत्त झाल्या आणि त्यांचा तो पांढरा फ्रीज एका उन्हाळ्यात कायमचा गप्प झाला. आणि मी जरा लक्ष देऊन पाहिलं, तर बाई गप्पा मारता मारता सारख्या माठाकडे उठत होत्या. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता.

"बाई, तपासलंत का कधी?"

"मला काय झालंय?"

"तपासा."

"मी तपासते. मला कुणी तपासत नाही."

शेवटी डॉक्टरांनी तपासलं. डायबेटिसच. दोन प्रकारची इंजेक्शनं, दोन वेळा. बाईंच्या बाटल्या आमच्या फ्रीजमध्ये आल्या, आणि आमच्या फ्रीजचा नियम मी केला नाही, आईनं केला. तिनं किल्ली कमरेला खोचली आणि जिन्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं, "हय अज्ञात पदार्थ ऱ्हवना नाय."

तेव्हापासून रोज सकाळी बाई एक मजला उतरून येतात. आता साखर बोटातल्या थेंबानंही कळते, पण नळीत रंग पाहिल्याशिवाय बाईंचा विश्वास बसत नाही. कॅनव्हासचे बूट, तांब्यावर रुमाल. आई दार उघडते आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल असं विचारते, "काय बाईनू, आज रंग कसलो?" इतक्या वर्षांचं 'तिसऱ्या बाकाची आई' ती रोज थोडं थोडं वसूल करते.

परवा मी दिवा पेटवला, नळी धरली. निळा. स्वच्छ, आभाळासारखा. आदल्या दिवशी त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं आणि बाईंनी जिलब्या किती खाल्ल्या ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी नळी खाली ठेवली. तांब्या उचलला. वास घेतला.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या, कावळा वगैरे असल्यासारखं.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही नळ आहात का?"

बाईंनी तांब्या घेतला, रुमाल टाकला आणि बूट ओढत जिना चढायला लागल्या, खरं आणायला. आईनं दारातून पाहिलं, किल्ली चाचपली आणि आत वळून मला म्हणाली, "चाय ठेव गो त्यांचो, बिनसाखरेचो. आणि दूध त्यांच्यासमोरच घाल. नायतर परत आयोडीन काढतली."